कळलावी (अग्निशिखा) : ओळख, औषधी उपयोग, विषारीपणा आणि लागवड

रानवाटा

कळलावीची माहिती सुटी सुटी सापडते. औषधी वनस्पतींच्या पुस्तकात उपयोग, शेतीच्या पत्रकात लागवड आणि विषाचा उल्लेख कुठेतरी एका ओळीत. हे सगळं एका जागी हवं म्हणून हा धागा. ज्यांना यातलं जे नेमकं माहीत आहे ते त्यांनी लिहावं. ओळखीपासून मी सुरुवात करतो.

शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. पूर्वी ही लिलीच्या कुळात धरली जायची, आता कॉल्चिकेसी कुळात आहे. मराठीत कळलावी, खड्यानाग, अग्निशिखा. संस्कृतात लांगली, कलिहारी. भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया आणि आफ्रिकेचा बराच भाग एवढा तिचा मुलूख. तमिळनाडूचं हे राज्यफूल आणि झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल. आपल्याकडे सह्याद्रीत आणि कोकणात कुंपणांच्या कडेनं, करवंदीच्या जाळ्यांत, रानाच्या उजेडाच्या कडांना पहिल्या पावसानंतर वर येते. जुलै ते ऑक्टोबर फुलते आणि दिवाळीच्या पुढे-मागे वेल वाळून जमिनीवर नावालाही उरत नाही. कंद मात्र खाली जिवंत असतो.

फूल नसताना ओळखायची असेल तर पानाचं टोक बघा. पान बिनदेठाचं, भाल्यासारखं, ६ ते २० सेंमी. लांब. टोक निमुळतं होत जातं आणि शेवटी त्याचाच ताणा बनून गुंडाळी होते. वेगळे ताणे या वेलीला नसतातच, पानाच्या टोकानंच ती धरून चढते.

फूल खाली मान घालून असतं आणि पाकळ्या उलट्या वर वळलेल्या. सहा पाकळ्या, ५ ते ७ सेंमी. लांब, कडा चुण्या पडल्यासारख्या लाटदार. उमलताना रंग हिरवट, मग बुडाशी पिवळा आणि वर लाल, शेवटी अख्खं फूल गडद लाल. एकाच वेलीवर या सगळ्या अवस्था एकावेळी दिसतात. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर पसरलेले आणि स्त्रीकेसराची दांडी बुडापासूनच काटकोनात एका बाजूला वळलेली. ही वळलेली दांडी लक्षात ठेवा, पुढे फळधारणेत तिचा मोठा भाग आहे.

हिरवीओळ

काही भागांत हिलाच बचनाग म्हणतात. आयुर्वेदातला बचनाग तो हाच का?

रानवाटा

नाही. आयुर्वेदातला बचनाग म्हणजे वत्सनाभ, ॲकोनाइट, तो हिमालयात होतो. दोन्ही जहाल, पण विषाची तऱ्हा निराळी: वत्सनाभ हृदयाचे ठोके बिघडवतो, कळलावी पेशींचं विभाजन थांबवते. म्हणून कंद घेताना, विकताना किंवा दवाखान्यात सांगताना नुसतं 'बचनाग' म्हणून भागत नाही. शास्त्रीय नाव सांगा, नाहीतर 'कळलावी, पानाच्या टोकाला ताणा असलेली' एवढं तरी सांगा.

सूत्रस्थान

परंपरेतल्या उपयोगांबद्दल लिहिते.

आयुर्वेदात लांगलीची गणना उपविषांत आहे. रुई आणि निवडुंगाचा चीक, लांगली, कण्हेर, गुंज, अफू आणि धोतरा ही सात उपविषं. उपविष असल्यामुळे शोधन केल्याशिवाय वापर नाही. कंदाचे बारीक तुकडे करून एक दिवस गोमूत्रात ठेवायचे, मग धुऊन वाळवायचे ही नेहमीची रीत. गुण तिखट-कडू, उष्ण, तीक्ष्ण, सारक आणि गर्भ पाडणारी. या शेवटच्या गुणावरूनच तिची गर्भनुत्, गर्भपातिनी ही नावं पडली.

सर्वांत जुना आणि सर्वदूर पसरलेला वापर प्रसूतीतला. कळा येत नसतील किंवा वार पडत नसेल तर कंदाचा लेप बेंबीखाली, ओटीपोटावर, तळहात-तळपायांना लावायचा आणि बाळंत होताच लगेच धुऊन टाकायचा. धुण्याची ही सूचना जुन्या सांगण्यात लेपाइतक्याच ठामपणे येते, म्हणजे लेप किती जोरकस मानला जायचा ते कळतं.

बाकी वापर बहुतेक बाहेरूनच आहे. गंडमाळ, सूज, जुनाट त्वचारोग आणि मूळव्याधीवर लेप, उवांसाठी पानांचा रस. कासीसादि तेलात लांगली असते आणि ते मूळव्याधीच्या कोंबांवर लावतात. जनावरांच्या जंतांवर आणि साप-विंचवाच्या दंशावरही गावोगाव कंद वापरलेला दिसतो. दंशाच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: कंद उगाळण्यात गेलेला वेळ रुग्णाच्या जिवावर बेततो. सापाच्या विषावर प्रतिविषाचं इंजेक्शन हाच उपाय आहे.

कोकणात गौरी-गणपतीच्या दिवसांत ही फुलं पूजेत आणि माटवीत (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीत) असतात. तो वापर निर्धोक आहे, फक्त फुलं लहान मुलांच्या तोंडात आणि निर्माल्य जनावरांच्या पुढ्यात जाणार नाही एवढं बघावं.

माजघर

प्रसूतीचा लेप बाहेरूनच लावायचा असेल तर त्यात धोका काय? कित्येक गावांत अजून करतात.

सूत्रस्थान

धोका दोन बाजूंनी आहे. कळा न येण्यामागे मूल आडवं असणं, वार खाली असणं, कटिभाग अरुंद असणं अशी कारणं असू शकतात. तिथे कळा वाढवणं हाच चुकीचा उपाय ठरतो, मग औषध कोणतंही असो. दवाखान्यात कळा वाढवण्याचं औषध थेंबाथेंबानं मोजून देतात, बाळाचे ठोके ऐकत राहतात आणि गरज वाटली की बंद करतात. लेपात यातलं काहीच हातात नसतं.

दुसरं, कंदातल्या औषधाचं प्रमाण कंदागणिक बदलतं. त्यात घामेजलेली, कुठे खरचटलेली त्वचा असली तर किती आत जाईल याचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही. या उपयोगाची नोंद जपून ठेवावी, प्रयोग करू नये. गरोदर बाईनं कंद हाताळूही नये.

अर्कशाळा

या सगळ्याच्या मुळाशी एकच द्रव्य आहे, कॉल्चिसीन. ते वेलीच्या प्रत्येक भागात असतं, कंदापेक्षा बियांत जास्त. युरोपात हेच द्रव्य कॉल्चिकम नावाच्या कंदवर्गीय झाडातून काढतात. पेलेतिए आणि कावांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२० मध्ये ते त्यातूनच वेगळं केलं होतं.

पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे बारीक धागे तयार होतात. कॉल्चिसीन त्या धाग्यांच्या प्रथिनाला चिकटतं आणि धागे बनूच देत नाही. बाकी सगळं यातूनच निघतं. गाउटच्या (युरिक ॲसिड साचून होणाऱ्या सांधेदुखीच्या) दुखण्यात सांध्याकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते, म्हणून सूज उतरते. वनस्पती-पैदाशीत गुणसूत्रं दुप्पट झाली तरी पेशी दुभंगत नाही, त्यामुळे नेहमीच्या दोनऐवजी गुणसूत्रांचे चार संच असलेली झाडं मिळतात. बिनबियांच्या कलिंगडाचं एक पालक झाड असंच तयार करतात. आणि माणसाच्या पोटात जास्त गेलं तर जिथे पेशी सतत दुभंगत असतात त्या जागा आधी कोसळतात: आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळं.

मात्रेचा हिशेब करून बघा. गाउटची गोळी साधारण ०.५ मिलिग्रॅमची असते. बियांत अर्धा टक्का कॉल्चिसीन धरलं तरी १ ग्रॅम बियांत ५ मिलिग्रॅम, म्हणजे दहा गोळ्या. म्हणूनच 'सांधेदुखीवर कळलावीचं बी चिमूटभर' हा सल्ला कुणी देत असेल तर तो तिथल्या तिथे खोडून काढावा. औषध आहे ते कारखान्यात शुद्ध करून मोजलेल्या मात्रेतच आहे.

रानवाटा

विषबाधेबद्दलही इथेच लिहून ठेवतो, वेगळ्या धाग्यात ते कुणी शोधणार नाही.

कंद रताळं किंवा करांदा समजून खाल्ला जातो, ही सर्वांत मोठी अडचण. शिजवल्यानं विष जात नाही, कॉल्चिसीन उष्णतेला टिकतं. फरक असा ओळखा: कळलावीचा कंद गुळगुळीत, फिक्या तपकिरी सालीचा, दोन बाहूंचा, इंग्रजी व्ही किंवा एल अक्षरासारखा, टोकं निमुळती. मुळ्या फक्त सांध्याजवळ असतात. करांद्याच्या जातीचे कंद केसाळ मुळ्यांचे आणि खडबडीत असतात. तरी शंका आली तर खाऊ नये.

लक्षणं लगेच दिसत नाहीत, दोन ते सहा तास आणि कधी बारा तासही लागतात. तोंडात-घशात आग, उलट्या, पाण्यासारखे जुलाब, पोटात पीळ. लोक 'काहीतरी बाधलं' म्हणून घरगुती उपाय करत बसतात. पुढच्या दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड, यकृत आणि रक्तपेशींवर परिणाम होतो, वाचलेल्यांचे केस एक-दोन आठवड्यांनी गळतात. उलट्या थांबल्या म्हणजे धोका टळला असं अजिबात नाही. उलटी करवण्यासाठी मिठाचं पाणी पाजू नका. खाल्लेल्या कंदाचा तुकडा किंवा पान बरोबर घ्या, किती आणि केव्हा खाल्लं ते सांगा आणि लक्षणं नसली तरी दवाखाना गाठा. दवाखान्यात पोटात औषधी कोळसा देण्याचा उपाय पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतो. यावर सहज मिळणारा उतारा नाही, सगळी भिस्त वेळेत सुरू झालेल्या उपचारांवर.

काळीभुई

लागवडीचं सविस्तर लिहितो.

भारतात कळलावीचं व्यापारी पीक मुख्यतः तमिळनाडूत आहे, दिंडीगुल, तिरुप्पूर, करूर या पट्ट्यात. तिथे बियांसाठी लागवड करतात, कारण कॉल्चिसीन काढणाऱ्या उद्योगांना बीच लागतं. एकदा लावलेले कंद जागेवर चार-पाच वर्षं राहतात आणि दरवर्षी बियांचं पीक येतं.

जमीन तांबडी, वाळूमिश्रित, निचऱ्याची, सामू (पीएच) ६ ते ७. भारी काळ्या जमिनीत पाणी साचतं आणि कंद सडतो. तिथे लावायचीच झाली तर उंच गादीवाफ्यावर. नांगरटीत चांगलं कुजलेलं शेणखत मिसळावं. ताजं शेणखत नको, त्यात उन्नी (हुमणीची अळी) येते आणि बुरशीही.

बेण्याला ५० ते ६० ग्रॅमचा कंद घ्यावा. लहान कंद उगवतो, पण पहिल्या वर्षी फुलं देईलच असं नाही. ६० बाय ४५ सेंमी. अंतरानं हेक्टरी सुमारे ३७ हजार कंद बसतात, म्हणजे ५० ग्रॅमच्या हिशेबानं साधारण १,८५० किलो बेणं. एवढा खर्च एकदम अंगावर घेण्यापेक्षा चार-पाच गुंठ्यांपासून सुरुवात करून स्वतःचं बेणं वाढवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. रानातून कंद खणून लागवड भरू नये. एकेका टेकडीवरची कळलावी अशानंच संपते, शिवाय रानातला कंद वयानं आणि वजनानं सारखा नसल्यामुळे शेत एकसारखं येत नाही.

लावण जून-जुलैत. कंद आधी १ लिटर पाण्यात १ ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात वीस मिनिटं बुडवून सावलीत सुकवावेत. सेंद्रिय शेती असेल तर ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची प्रक्रिया करा. दोन्ही एकत्र मात्र नको, बुरशीनाशक ट्रायकोडर्मालाही मारतं. कंद सरीत आडवा ठेवून ६ ते ८ सेंमी. मातीनं झाकावा.

खताची तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ५० स्फुरद, ७५ पालाश. अर्धं नत्र आणि बाकी सगळं लावणीला, उरलेलं नत्र एक आणि दोन महिन्यांनी सारखं विभागून. पाऊस नसेल तर पाच-सहा दिवसांनी हलकं पाणी. फुलं आल्यावर ताण पडला तर कळ्या गळतात, आणि फळं पक्व व्हायला लागल्यावर पाणी देत राहिलं तर कंद सडतात. म्हणून शेवटी हात आखडता घ्यायचा.

आधार लावणीच्या दिवशीच उभा करा. कोंब वर आल्यावर खुंट ठोकायला गेलात तर कंद फुटतो किंवा कोंब मोडतो. पानाचा ताणा बारीक काडीलाच धरतो, जाड बांबूभोवती त्याला वळसा घालता येत नाही. खांबांवर तारा ओढून त्यांवर काटक्या, सुतळी किंवा जाळी सोडा.

नवीनमाळी

गेल्या हंगामातले कंद लावून महिना झाला, काही उगवलेच नाहीत. उकरून पाहिले तर कंद टणक आहेत. पाणी कमी पडतंय का?

काळीभुई

टोकं तपासा. कळलावीच्या कंदाला बटाट्यासारखे जागोजागी डोळे नसतात. प्रत्येक बाहूच्या टोकाशी एकच डोळा असतो. ते टोक पिशवीत घासून, पडून किंवा खणताना तुटलं तर बाकीचा कंद कितीही भरदार असो, त्या बाहूतून बहुधा काही येत नाही. याच कारणानं बटाट्यासारखे तुकडे करून लावायचे नाहीत. फार तर दोन बाहू सांध्यावर वेगळे करता येतात, पण दोघांचीही टोकं शाबूत हवीत आणि काप सुकू द्यायला हवा.

टोकं धड असतील तर कंद अजून सुप्तावस्थेत आहे. वेल वाळल्यावर दोन-तीन महिने तो काही केल्या जागा होत नाही, आणि थंड जमिनीत आणखी रेंगाळतो. अशा वेळी पाणी वाढवणं सर्वांत वाईट, न उगवलेल्या कंदाला पाणी पिता येत नाही, तो कुजतो. माती फक्त दमट ठेवा, कोंब दिसल्यावर पाणी वाढवा.

नवीनमाळी

दोन कंदांची टोकं तुटलेलीच निघाली. बाकी परत झाकले. धन्यवाद!

गच्चीबाग

कुंडीत लावणाऱ्यांसाठी: १२ ते १४ इंची कुंडी, खोलीपेक्षा रुंदी महत्त्वाची. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं खत, एक भाग जाडसर वाळू. एका कुंडीत एकच कंद, आडवा, काठापासून थोडा आत. सकाळचं चार-पाच तास ऊन पुरतं, भर दुपारच्या उन्हात पाकळ्यांच्या कडा करपतात. बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, या वेलीला मूळ थंड आणि शेंडा उन्हात असा थाट आवडतो.

कोंब आल्यावर त्याला हात लावू नका. तो काचेसारखा मोडतो आणि मोडला तर त्या बाहूचा हंगाम गेलाच समजा. उगवल्यापासून दोन-अडीच महिन्यांत फुलं येतात, एक फूल आठवडाभर टिकतं. पानं पिवळी पडू लागली की पाणी हळूहळू बंद करायचं आणि कुंडीवर खूणचिठ्ठी लावून पावसाच्या आडोशाला ठेवायची. रिकामी कुंडी समजून दुसरं काही लावलं जातं आणि कंद खुरप्यानं कापला जातो, हे फार वेळा घडतं. दरवर्षी जुना कंद सुकून जातो आणि त्याच्या जागी नवे दोन-बाहू कंद तयार होतात. म्हणून काढायचे असतील तर वेल पूर्ण वाळल्यावरच, हातानं माती सारून.

बाजारात 'रॉथ्सचिल्डियाना' या नावानं रुंद लाल पाकळ्यांची, पिवळ्या कडेची कळलावी मिळते. फुलांसाठी ती सुंदर आहे, निगा तीच आणि विषही तेच.

हिरवीओळ

फुलं भरपूर येतात पण फळ एकही नाही, असं का होतं?

काळीभुई

रानवाटांनी सांगितलेली वळलेली दांडी आठवा. स्त्रीकेसर पुंकेसरांपासून दूर वळलेला असल्यामुळे स्वतःचे पराग आपोआप त्याच्यावर पडत नाहीत. मोठी फुलपाखरं आणि शिंजीर मधासाठी येतात तेव्हा परागीभवन होतं. शहरात, एकट्या-दुकट्या वेलीवर किंवा सलग पावसात ते येत नाहीत आणि फुलं वांझ जातात.

तमिळनाडूत यासाठी शेतात रोज सकाळी हातानं परागीभवन करतात, साधारण आठ ते अकराच्या दरम्यान. नुकत्या उमललेल्या फुलाचा परागकोश बघा. तो पुंकेसराच्या टोकावर आडवा, मध्यावर टेकलेला असतो आणि फुटल्यावर त्यावर पिवळी भुकटी दिसते. तो चिमट्यानं अलगद काढून दुसऱ्या वेलीवरच्या फुलाच्या दांडीच्या टोकाला, जिथे तीन फाटे आहेत तिथे, टेकवायचा. उमलल्याच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी केलं तर यश जास्त. शक्यतो पराग दुसऱ्या कंदापासून वाढलेल्या वेलीचे घ्या. पावसात भिजलेले पराग निकामी, उघडीप मिळाली की पुन्हा करा. फळ धरलं असेल तर आठवड्याभरात फुलाच्या मध्यातला हिरवा भाग फुगायला लागतो, नाहीतर पिवळा पडून गळतो.

अर्कशाळा

किडींबद्दल. एवढ्या विषारी वेलीला कीड लागत नाही हा समज चुकीचा आहे. लिली अळी, पॉलिटेला ग्लोरिओसी, हिच्यावर पोसते. अळी काळी, अंगावर पांढरे आणि तांबूस ठिपके, घोळक्यानं पानं, कळ्या आणि कोवळी फळं फस्त करते. लहान बागेत हातमोजे घालून सकाळी वेचून साबणाच्या पाण्यात टाकणं सर्वांत खात्रीचं. शेतावर ५ टक्के निंबोळी अर्क: ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवून, गाळून, २०० ग्रॅम साबणाचं द्रावण घालून १०० लिटर करायचं. अळ्या लहान असतानाच संध्याकाळी फवारा, मोठ्या अळ्यांवर परिणाम कमी. कुंडीसाठी ५० ग्रॅमला १ लिटर.

पानं वळून आखडत असतील तर फुलकिडे बघा, पान पांढऱ्या कागदावर झटकलं की दिसतात. पानांवर तपकिरी डाग पडून ती करपत असतील तर बुरशी आहे. दाट लावण आणि संध्याकाळचं वरून पाणी ही तिची मुख्य कारणं.

काळीभुई

काढणी लावणीपासून १६० ते १८० दिवसांनी. फळ हिरव्याचं फिकं पिवळसर होतं आणि साल सुरकुतते, तेव्हा तोडायचं. उशीर झाला की ते तीन फाकांत उकलतं आणि लालभडक बिया मातीत सांडतात. तोडलेली फळं सावलीत आठ-दहा दिवस पसरली की आपोआप उकलतात. बी हातानं सोडवून पुन्हा सावलीत वाळवा. फळांच्या टरफलातही कॉल्चिसीन असतं, त्यालाही गिऱ्हाईक आहे, फेकू नका आणि गुरांच्या वाटेत तर मुळीच टाकू नका. चांगल्या निगेत हेक्टरी २०० ते २५० किलो वाळलेलं बी मिळतं. खरेदीदार लावणीआधी पक्का करा. हे बी बाजार समितीत नेऊन विकता येण्यासारखं पीक नाही, ठरलेले मोजकेच घेणारे असतात.

बी सोडवताना हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच. त्या हातानं तंबाखू मळणं, डोळे चोळणं नको. साठवण कुलपात, धान्यापासून वेगळी, वर ठळक अक्षरात 'विषारी'.

नवीनमाळी

बियांपासून रोपं करावीत का?

काळीभुई

घाई नसेल तर करा. बी ताजं असतानाही लगेच रुजत नाही, कित्येक महिने घेतं आणि एकदम न रुजता मागे-पुढे रुजतं. बियांवरचा लाल गर पाण्यात चोळून काढा आणि वाळूमिश्रित मातीत १ सेंमी. खोल पेरा. ट्रे पहिल्या वर्षी टाकून देऊ नका. पहिल्या हंगामात एक-दोन पानं आणि बोटाच्या पेराएवढाही नसलेला कंद एवढंच मिळतं. तो कंद न हलवता त्याच ट्रेमध्ये दुसरा पावसाळा पाहू द्या, फुलं तिसऱ्या-चौथ्या वर्षी. बियांची रोपं एकमेकांपेक्षा वेगळी निघतात, त्यामुळे जास्त फळं धरणारी वेल निवडायची असेल तर हाच रस्ता. नुसती फुलं हवी असतील तर ओळखीच्या बागेतला ५० ग्रॅमचा, दोन्ही टोकं शाबूत असलेला कंद मागून घ्या.